अंतराळावर लिहिणारा माणूस आयुष्यभर श्रीलंकेत का राहिला? उत्तर समुद्राच्या तळाशी होतं

मार्च 1961. श्रीलंकेच्या आग्नेय टोकाला, किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत समुद्रात एक खडकांची रांग आहे. त्या रांगेवर एक जुनं दीपगृह उभं आहे. दीपगृहाच्या आसपास पाण्याखाली शूटिंग करायला माइक विल्सन नावाचा एक इंग्रज पाणबुडा आला होता. सोबत दोन अमेरिकन शाळकरी मुलं होती.

पाण्यात फिरता फिरता त्यांना एक छोटी पितळी तोफ दिसली. मग आसपास शोधाशोध केली, तर खडकाला चिकटलेले काळपट गोळे सापडले. एकेक गोळा दहा-बारा किलोंचा. वर आणून बघितलं तर काय, ती चांदीची नाणी होती. हजारेक नाणी एकमेकांना घट्ट चिकटून त्यांचा गोळा झाला होता.

नाणी साफ केल्यावर त्यावर फारसी अक्षरं दिसली. बादशहाचं नाव होतं औरंगजेब आलमगीर, आणि टाकसाळ होती सुरतेची.

विल्सनने हे गोळे घरी आणले आणि आपल्या दोस्तासमोर ठेवले. हा दोस्त म्हणजे आर्थर सी. क्लार्क. 2001 : अ स्पेस ओडिसी या सिनेमाची कथा पुढे ज्यांनी स्टॅनली क्युब्रिकसोबत लिहिली, तेच हे क्लार्क. आज आपल्या घरावरच्या डिशपर्यंत टीव्हीचा सिग्नल ज्या प्रकारच्या उपग्रहावरून येतो, त्याची कल्पना 1945 मध्येच सविस्तर मांडणारे.

आता प्रश्न असा, की रॉकेट, चंद्र आणि उपग्रह यावर लिहिणारा हा माणूस श्रीलंकेच्या समुद्रात काय करत होता? न्यूयॉर्क, लंडन सोडून तो कोलंबोत का राहत होता?

तर त्याचीच ही गोष्ट.

शेतावरचा पोरगा ते रडारवाला

आर्थर चार्ल्स क्लार्क यांचा जन्म 16 डिसेंबर 1917 चा. गाव इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं माइनहेड, समुद्रकाठचं. बालपण गेलं शेतावर. आर्थर 13 वर्षांचा असताना वडील वारले. घरची परिस्थिती बेताची झाली. कॉलेजला जायला पैसे नव्हते, म्हणून 1936 मध्ये पोरगा लंडनला गेला आणि सरकारी खात्यात हिशेब तपासायच्या नोकरीला लागला.

दिवसा शिक्षकांच्या पेन्शनचे हिशेब आणि संध्याकाळी ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या बैठका. त्या काळात चंद्रावर जायच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढायचे. पण ही मंडळी गंभीरपणे गणितं मांडत होती.

दुसऱ्या महायुद्धात क्लार्क रॉयल एअर फोर्समध्ये होते. धुक्यात विमान सुखरूप उतरवायला मदत करणाऱ्या रडार यंत्रणेवर त्यांनी काम केलं. युद्ध संपता संपता, ऑक्टोबर 1945 मध्ये वायरलेस वर्ल्ड या मासिकात त्यांचा लेख छापून आला. विषुववृत्ताच्या वर साधारण 36 हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्याच वेगाने फिरेल आणि जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह ठेवले, की जवळपास सगळ्या जगात संदेश पोहोचवता येतील. हे त्यांनी लिहिलं तेव्हा एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता. पहिला उपग्रह जायला अजून 12 वर्षं होती.

युद्धानंतर त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेतली. पुस्तकं यायला लागली, गाजायला लागली. 1953 मध्ये लग्न झालं, पण सहा महिन्यांतच दोघं वेगळे झाले.

आणि याच काळात त्यांच्या आयुष्यात आलं स्कूबा डायव्हिंग.

पाण्यात उतरायचं, कारण अंतराळात जाता येत नव्हतं

आज मालवणला, तारकर्लीला गेलं की कुणीही स्कूबा करून येतं. पण तेव्हा हा प्रकार अगदी नवा होता. फ्रान्सच्या जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग बनवलं ते 1943 मध्ये. त्याआधी पाण्याखाली काम करणाऱ्या माणसाला जड शिरस्त्राण, जड बूट आणि वरून हवा पुरवणारी नळी लागायची. तो तळाशी चालायचा, पोहायचा नाही. अ‍ॅक्वालंगने ती नळीच काढून टाकली. हवेची टाकी पाठीवर आली आणि माणूस मोकळा झाला.

स्कूबातली खरी गंमत आहे ती वजनात. माणूस पाण्यात गेला की पाणी त्याला वर ढकलतं. कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं बरोबर मोजून लावली, की तो ना वर जातो, ना खाली. तरंगत राहतो. हवं तिकडे वळावं, उलटं व्हावं, काहीच फरक पडत नाही.

क्लार्क यांना नेमकं हेच हवं होतं. अंतराळात वजन जाणवत नाही, हे त्यांना गणितातून माहीत होतं. पण तो अनुभव पृथ्वीवर घ्यायचा कुठे? समुद्रात. रॉकेटची वाट बघण्यापेक्षा मुखवटा आणि टाकी लावून पाण्यात उतरणं सोपं होतं.

ही नुसती लेखकाची कल्पना नव्हती, हे पुढे नासानेच दाखवून दिलं. अंतराळात यानाबाहेर काम करताना सुरुवातीचे अंतराळवीर दमून जात होते. मग 1966 मध्ये जेमिनी 12 मोहिमेआधी बझ ऑल्ड्रिन यांनी पोहण्याच्या तलावात, पाण्याखाली सराव केला आणि यानाबाहेरचं काम व्यवस्थित पार पाडलं. ऑल्ड्रिन स्वतः स्कूबा करणारे होते. तेव्हापासून पाण्याखालचा सराव हा अंतराळवीरांच्या ट्रेनिंगचा भागच झाला.

कोलंबोतला अर्धा दिवस

डिसेंबर 1954 मध्ये क्लार्क हिमालया नावाच्या बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाले. तिथल्या ग्रेट बॅरिअर रीफवर माइक विल्सनबरोबर डायव्हिंग करायचं आणि पुस्तक लिहायचं असा बेत होता. वाटेत बोट कोलंबो बंदरात थांबली, जेमतेम अर्धा दिवस.

श्रीलंकेचं तेव्हाचं नाव सिलोन. आपल्याकडचे आजी-आजोबा ज्या रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकायचे, तेच हे सिलोन.

त्या अर्ध्या दिवसात क्लार्क देहिवळाच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि तिथे काम करणाऱ्या रॉडनी जोंकलास यांना भेटले. जोंकलास हे सिलोनच्या पहिल्या फळीतले पाणबुडे. बेटाभोवतीचे मासे, प्रवाळ, बुडालेली जहाजं यांची त्यांना खडानखडा माहिती. गप्पा झाल्या, बोटीचा भोंगा वाजला आणि क्लार्क पुढे निघाले. पण डोक्यात सिलोन पक्कं बसलं.

ऑस्ट्रेलियाचं काम झालं. त्यावरचं द कोस्ट ऑफ कोरल हे पुस्तक 1956 मध्ये आलं. आणि त्याच वर्षी क्लार्क आणि विल्सन सिलोनला आले. विचार होता काही महिने राहायचा. क्लार्क यांनी बेट पुन्हा सोडलं नाही. कामासाठी परदेशी जायचे, पण घर कोलंबोतच राहिलं, तब्बल 52 वर्षं.

मंदिराचे खांब समुद्रात

सिलोनच्या समुद्रात उतरायचं तर आधी पावसाचं गणित कळायला हवं. बेटाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस झोडपतो. तेव्हा हिक्कडुवाचा समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं. त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमलीचं पाणी शांत असतं. हिवाळ्यात उलटं होतं. म्हणजे बेटाला अर्धी फेरी मारायची तयारी असेल, तर वर्षातला बराचसा काळ कुठे ना कुठे डायव्हिंग करता येतं.

त्रिंकोमलीला समुद्रात घुसलेला एक उंच कडा आहे. त्याला स्वामी रॉक म्हणतात. या कड्यावर शंकराचं कोणेश्वरम हे प्राचीन मंदिर होतं. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. काही दगड किल्ला बांधायला वापरले, तर काही कड्यावरून खाली समुद्रात गेले.

1956 मध्ये क्लार्क आणि विल्सन या कड्याच्या पायथ्याशी पाण्यात उतरले. तळाशी त्यांना घडवलेले दगड दिसले, खांबांचे तुकडे दिसले. समुद्राने तीनशे वर्षांत त्यावर प्रवाळ आणि शेवाळ चढवलं होतं, पण छिन्नीने काढलेल्या सरळ कडा लपत नव्हत्या. आज त्या कड्यावर पुन्हा मंदिर उभं आहे.

या सगळ्या भटकंतीवर क्लार्क यांनी 1957 मध्ये द रीफ्स ऑफ टॅप्रोबेन हे पुस्तक लिहिलं. टॅप्रोबेन हे या बेटाचं ग्रीकांनी वापरलेलं नाव.

आणि याच समुद्रात पाच वर्षांनी औरंगजेबाचे रुपये सापडले.

रावणकोटावरची चांदी

ज्या खडकांवर ही नाणी सापडली त्याला इंग्रजीत ग्रेट बॅसेस म्हणतात. हे नाव आलं पोर्तुगीजांच्या उथळ जागेसाठीच्या शब्दावरून. सिंहली नाव मात्र आपल्याला जास्त ओळखीचं वाटेल. महारावण कोटुवा. कोटुवा म्हणजे कोट, किल्ला. थोरल्या रावणाचा कोट!

हा कोट जहाजांसाठी काळ होता. पश्चिमेकडून येऊन बेटाला वळसा घालत बंगालच्या उपसागरात जाणारी जहाजं इथून जायची. खडक पाण्याच्या पातळीला लागूनच, दुरून दिसायचे नाहीत. शेवटी 1873 मध्ये ब्रिटिशांनी इथे दीपगृह उभारलं. पण तोवर कितीतरी जहाजांनी तळ गाठला होता.

पाणबुड्यांसाठीही जागा तितकीच अवघड. लाटा सतत आपटतात, प्रवाह जोरदार. दोन मोसमांच्या मधे, मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडे समुद्र जरा शांत होतो. तेवढ्यात काय ते काम उरकायचं. नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

आता नाण्यांकडे येऊ. नाण्यांवर हिजरी सन होता 1113. म्हणजे आपल्या हिशेबाने जून 1701 ते मे 1702.

हे साल वाचल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात लगेच दुसरं चित्र उभं राहतं. तेव्हा औरंगजेब दिल्लीत नव्हता, आपल्याकडे सह्याद्रीत होता. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले होते आणि महाराणी ताराबाईंनी लढाई हातात घेतली होती. म्हातारा बादशहा एकेक किल्ला घ्यायला धडपडत होता. 1701 मध्ये पन्हाळा, 1702 मध्ये विशाळगड. या युद्धात मोगलांचा खजिना पाण्यासारखा वाहत होता.

आणि त्याच वेळी सुरतेच्या टाकसाळीत त्याच्या नावाचे रुपये पाडले जात होते.

सुरत हे मोगलांचं सगळ्यात मोठं बंदर. शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये या बंदरावर स्वारी केली, ती उगाच नाही. अमेरिका खंडातल्या खाणींमधली चांदी युरोप आणि अरबस्तानातून फिरत फिरत इथे यायची. परदेशी नाणं मोगली मुलखात तसंच चालायचं नाही. ते वितळवून त्याचा बादशाही रुपया पाडावा लागायचा. मग हाच रुपया कापड, मसाले, नीळ यांच्या व्यापारात फिरायचा.

ग्रेट बॅसेसची नाणी नवी कोरी होती. एकाच टाकसाळीतली. बाजारात फिरलेली नाणी असती तर वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या टाकसाळींची, झिजलेली मिळाली असती. याचा अर्थ उघड होता. टाकसाळीतून निघालेल्या थैल्या थेट जहाजावर चढल्या होत्या आणि पूर्वेकडे निघाल्या होत्या.

एका थैलीत हजार रुपये. थैलीचं कापड कुजून गेलं, पण तोवर नाणी एकमेकांना चिकटली होती. त्यामुळे गोळ्यांना थैलीचाच आकार आला होता. खाऱ्या पाण्याने बाहेरची नाणी खाल्ली, काळी केली. पण आतल्या नाण्यांना त्यांचंच कवच मिळालं. गोळा फोडल्यावर मधली नाणी अशी निघाली, जणू कालच पाडली असावीत.

खजिना सापडला आणि माणूस कोसळला

खजिन्याची बातमी फुटली असती तर चोरांची रांग लागली असती. म्हणून क्लार्क आणि विल्सन यांनी गोष्ट गुपित ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा मोहीम काढायची असं ठरलं.

पण 1962 च्या सुरुवातीला वेगळंच घडलं. क्लार्क यांचं डोकं एका दाराच्या चौकटीवर आपटलं. सुरुवातीला किरकोळ वाटलं. मग हातापायांतली ताकद गेली. ते अंथरुणाला खिळले. आधी मणक्याला मार बसलाय असं वाटलं, नंतर पोलिओचं निदान झालं.

वय 44. ज्या माणसाने वजन नसलेल्या अवस्थेच्या ओढीने समुद्र धरला, त्याला आता स्वतःच्या अंगाचं वजन पेलत नव्हतं.

कित्येक महिने गेले. याच काळात त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या डॉल्फिन आयलंड ही मुलांसाठीची कादंबरी हाताने लिहून काढली. तिची जागा होती ग्रेट बॅरिअर रीफ. अंग हलत नव्हतं तेव्हा मनाने ते पुन्हा प्रवाळांत जाऊन आले.

इकडे विल्सन गप्प बसले नव्हते. त्यांनी रनमुतु दूवा हा सिनेमा काढला. नावाचा अर्थ सोनं-मोत्यांचं बेट. 1962 मध्ये आलेला हा पहिला रंगीत सिंहली सिनेमा. गोष्ट समुद्रातल्या खजिन्याची आणि बरंचसं शूटिंग पाण्याखाली. क्लार्क यांनी त्याला पैसा लावला. सिनेमा तुफान चालला. पुढच्या मोहिमेच्या बोटीचं नावही रनमुतुच ठेवलं गेलं.

खजिना काढायचा की जहाज वाचायचं?

1963 च्या एप्रिलमध्ये मोहीम निघाली. पूर्ण बरे झालेले नसतानाही क्लार्क सोबत होते. आणि यावेळी एक नवा माणूस होता, पीटर थ्रॉकमॉर्टन.

थ्रॉकमॉर्टन हे अमेरिकन. तुर्कस्तानातल्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांशी दोस्ती करून त्यांनी केप गेलिडोन्याजवळचं कांस्ययुगातलं जहाज शोधलं होतं. 1960 मध्ये त्याचं उत्खनन झालं, तेही जमिनीवरच्या उत्खननाइतकंच काटेकोर. समुद्रातल्या पुरातत्त्वाची ती सुरुवात मानली जाते.

आता बघा, खजिना शोधणारा आणि पुरातत्त्ववाला यांच्यात फरक काय? खजिना शोधणारा नाणं बघतो. पुरातत्त्ववाला नाणं कुठे पडलंय ते बघतो. तोफा कुठे आहेत, नांगर कुठे, नाण्यांच्या थैल्या त्यांच्यापासून किती लांब, यावरून जहाज कसं आपटलं, कसं फुटलं, किती मोठं होतं हे कळतं. एकदा वस्तू जागची हलवली, की ही माहिती कायमची गेली. नाणं राहतं, गोष्ट जाते.

ग्रेट बॅसेसला लाकूड उरलं नव्हतं. लाटांनी जहाजाचा पार भुगा केला होता. लोखंडी तोफा खडकाचाच भाग झाल्या होत्या. तरी मोहिमेत जमेल तेवढ्या नोंदी झाल्या. आणखी नाणी मिळाली, जहाजावरच्या सामानाचे अवशेष मिळाले. जहाजाचं नाव सांगणारी वस्तू मात्र हाती लागली नाही.

1964 मध्ये क्लार्क यांनी या सगळ्यावर द ट्रेझर ऑफ द ग्रेट रीफ हे पुस्तक लिहिलं. खजिना सापडल्यावर माणसाला कसली घाई सुटते, समुद्र त्याला कसा थांबवतो आणि एका गोळ्यामागे किती दिवस वाया जातात, हे त्यात सगळं आलं. समुद्रात सोन्या-चांदीच्या पेट्या उघड्या पडलेल्या असतात, हा सिनेमावाला समज या पुस्तकाने पार मोडला.

आज बुडालेल्या जहाजाकडे बघण्याची दृष्टी आणखी बदलली आहे. गाल बंदरात 1659 मध्ये बुडालेलं अवोंडस्टर हे डच जहाज श्रीलंकेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी परदेशी तज्ज्ञांच्या साथीने अभ्यासलं. 1903 मध्ये हिक्कडुवाजवळ बुडालेलं काँच हे तेलवाहू जहाज बघायला आज जगभरातून लोक येतात. नियम एकच, बघा, फोटो काढा, हात लावू नका.

पुढे काय झालं?

1964 मध्ये क्लार्क क्युब्रिकसोबत कामाला लागले. 1968 मध्ये 2001 : अ स्पेस ओडिसी पडद्यावर आला आणि क्लार्क जगभर माहीत झाले. विल्सन यांची वाट वेगळी निघाली. समुद्र, सिनेमा सगळं सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी शिव कल्की झाले. 1995 मध्ये ते वारले.

भारताशी क्लार्क यांचं नातं घट्ट होतं. विज्ञान सोपं करून सांगणाऱ्यांना युनेस्को जो कलिंग पुरस्कार देते, तो बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झाला. 1961 चा तो पुरस्कार क्लार्क यांना मिळाला. 1975 मध्ये इस्रोने उपग्रहावरून 2400 खेड्यांमध्ये टीव्ही दाखवायचा साइट हा प्रयोग केला. त्या वेळी इस्रोच्या इंजिनिअर्सनी कोलंबोला जाऊन क्लार्क यांच्या घरी एक मोठी डिश बसवली. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही सुरूही झाला नव्हता. 30 वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना स्वतःच्या घरात चालताना त्यांनी बघितली.

1979 मध्ये त्यांची द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज ही कादंबरी आली. पृथ्वीवरून थेट अंतराळात जाणारी लिफ्ट ही तिची कल्पना. आणि लिफ्ट उभी राहते कुठे? टॅप्रोबेनवर. खऱ्या श्रीलंकेला त्यांनी कादंबरीत थोडं खाली, विषुववृत्तावर सरकवलं, कारण भौतिकशास्त्राचा नियम मोडायला ते तयार नव्हते.

1988 मध्ये जुनं दुखणं परत आलं. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी स्नायू पुन्हा दुबळे पडतात, त्यातला हा प्रकार. हळूहळू चालणं बंद झालं, व्हीलचेअर आली. पण पाण्यात गेलं की चित्र बदलायचं. जमिनीवर दोन पावलं टाकायला आधार लागणारा हा माणूस पाण्यात मोकळा असायचा. पाणी त्यांचं वजन उचलायचं. तरुणपणी अंतराळाची हौस म्हणून धरलेला समुद्र म्हातारपणी त्यांची गरज बनला होता.

हेक्टर एकनायके या आपल्या जवळच्या माणसासोबत त्यांनी अंडरवॉटर सफारीज नावाने डायव्हिंगचा व्यवसायही उभा केला. हिक्कडुवाला त्याचं केंद्र होतं.

ज्या समुद्राने दिलं, त्यानेच नेलं

1998 मध्ये हिंद महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं. प्रवाळ हे बारीक प्राणी असतात आणि त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी तापलं की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. फार काळ तसेच राहिले तर मरतात. हिक्कडुवाचे प्रवाळ त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर मेले. क्लार्क यांनी पन्नाशीच्या दशकात बघितलेली रंगीत बाग राखाडी झाली.

मग आला 26 डिसेंबर 2004. त्सुनामीने श्रीलंकेत 30 हजारांहून जास्त माणसं गेली. हिक्कडुवाजवळ पेरलियाला समुद्रदेवी नावाची गाडी लाटेने रुळांवरून उचलून फेकली. जगातल्या सगळ्यात मोठ्या रेल्वे दुर्घटनांपैकी ही एक. क्लार्क यांचं हिक्कडुवाचं डायव्हिंग केंद्रही त्यातच वाहून गेलं.

नंतर अभ्यासकांनी हा किनारा तपासला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चुना काढण्यासाठी लोकांनी जिथे वर्षानुवर्षं प्रवाळ फोडून नेले होते, तिथे पाणी जास्त जोरात आत घुसलं. जिथे प्रवाळ शाबूत होते, तिथे नुकसान तुलनेने कमी झालं. खडकांची जी रांग जहाजांना फोडते, तीच किनाऱ्यावरच्या गावांना लाटेपासून राखते. पेरलियाने हे फार मोठी किंमत मोजून शिकवलं.

2005 मध्ये श्रीलंकेने क्लार्क यांना श्रीलंकाभिमान्य हा आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. 19 मार्च 2008 ला कोलंबोत त्यांचं निधन झालं. वय होतं 90. जन्म इंग्लंडचा असला तरी दफन कोलंबोतच झालं, कुठल्याही धार्मिक विधीशिवाय.

उपग्रह जिथे स्थिर दिसतात त्या 36 हजार किलोमीटरवरच्या कक्षेला आज क्लार्क कक्षा म्हणतात. माणसाचं नाव इतक्या उंचावर लागलं, पण तो स्वतः कधीच अंतराळात गेला नाही. वजन नसणं म्हणजे काय हे त्याला कळलं ते रावणकोटाच्या आणि त्रिंकोमलीच्या पाण्यात, प्रवाळ आणि बुडालेल्या जहाजांच्या मधे.

पुढच्या वेळी मालवणला किंवा कुठेही स्कूबा करायला उतरलात आणि पहिल्यांदा आपलं वजन गेल्यासारखं वाटलं, तर तो क्षण जरा थांबून अनुभवा. त्या एका क्षणासाठी एक माणूस 52 वर्षं परक्या बेटावर राहिला होता. आणि हो, प्रवाळाला हात मात्र लावू नका.